लाखेची तबकडी आणि पुसलेली फीत

इसवी सनाच्या १९२० नंतरच्या दशकात, गोदावरीच्या काठी वसलेल्या एकाच नाशिक गावात, दोन असामान्य पुरुष आपापल्या उद्योगाचा पसारा मांडून बसले होते, आणि त्या दोन उद्योगांचा परस्परांशी कधी काळी संबंध पोहोचेल अशी कल्पना त्या वेळी कोणाच्याही मनाला शिवली नसावी. त्यांपैकी एक त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईत १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आणल्यानंतर त्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकास हलविला. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सावित्री’ हे चित्रपट इथेच निघाले. १९१८ साली भागीदारांच्या भांडवलावर ‘हिंदुस्थान फिल्म कंपनी’ इथेच उभी राहिली. आणि मध्यंतरी भागीदारांशी बेबनाव होऊन ते काशीस निघून गेले असले, तरी परत फिरले ते नाशिकासच. दुसरे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर. लाहोरास ५ मे १९०१ रोजी गांधर्व महाविद्यालय स्थापन करून, पुढे १९०८ मध्ये मुंबईत त्याची शाखा काढून, राजेरजवाड्यांच्या देवडीवर ताटकळणारी गानविद्या ज्यांनी सामान्य गृहस्थाच्या घरी आणून बसविली, त्या बुवांच्या मुंबईच्या इमारतीवर कर्जापायी लिलावाची पाळी आली, आणि संसाराची ती आवराआवर झाल्यावर ते पंचवटीत येऊन रामनाम आधार आश्रमात भजन, कथा आणि शिष्यांची तालीम यांत रमले.

फाळक्यांच्या कारखान्यात हलती चित्रे तयार होत, पण ती मुकी होती. पडद्यावरच्या कृष्णाने तोंड उघडले तरी शब्द पाटीवरच वाचावे लागत. बुवांच्या आश्रमात अहोरात्र नाद भरलेला असे, पण तो ज्यांनी ऐकला त्यांच्या कानांबरोबरच संपत होता. चित्र आणि आवाज या दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच वेळी, एकमेकींवाचून नांदत होत्या. त्यांचा संयोग घडवून तो घराघरांत पोहोचविणारे यंत्र नाशिकास येण्यास पुढे अर्धे शतक जावे लागले. आणि ते आल्यावर त्याने जे आणले ते कितपत टिकले, व त्याच्या कितीतरी आधी आलेल्या लाखेच्या तबकडीने जे आणले ते कितपत टिकले, याचा ताळा मांडू गेल्यास जो निष्कर्ष हाती येतो, तो सरकारी दप्तरांवर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या समाजाने जरूर विचारात घ्यावा असा आहे.

आवाज धरून ठेवण्याची ही विद्या आपल्या देशात रुजली ती व्यापाराच्या वाटेने. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग हा ध्वनिमुद्रक १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यास उतरला आणि त्याच नोव्हेंबरात गौहर जान या विख्यात गायिकेने त्याच्या कर्ण्यासमोर गाऊन दिले. त्या वेळी मेणावर कोरलेल्या मूळ तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे रवाना होत, तेथे त्यांचे ठसे निघत आणि छापलेला माल आगबोटीने परत येई. तेथील कारागिरांना गाणारी व्यक्ती कोण हे ओळखता यावे म्हणून गाणे संपताच गायिका आपले नाव इंग्रजीत पुकारी. पुढे १९०८ मध्ये कलकत्त्यास सियालदह येथे कंपनीचा कारखाना निघाला आणि हा हेलपाटा थांबला. या मालाचा मुख्य जिन्नस म्हणजे लाख, आणि ती तर छोटा नागपूरच्या रानांतून, पळस, बोर आणि कुसुमाच्या डहाळ्यांवरून, साऱ्या जगाला जात असे. त्या लाखेत दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळून तबकडी घडे. म्हणजे इंग्लंड-जर्मनीच्या यंत्रांवर उमटलेल्या आवाजाखाली जमीन होती ती आपल्याच रानातली.

यंत्र जरा उशिरा आले, याची हळहळ मराठी रंगभूमीला कायमची राहणार आहे. किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर, ज्यांच्या गळ्याची वर्णने वाचूनच आपण समाधान मानतो, ते १९०१ च्या फेब्रुवारीत निवर्तले. गाइसबर्गचे जहाज त्यानंतर सुमारे पावणेदोन वर्षांनी लागले. भास्करबुवा बखल्यांची गोष्ट तर याहून मनाला लागते. ते १९२२ पर्यंत होते, ग्रामोफोनच्या अमलात पुरी वीस वर्षे ते गात राहिले, बालगंधर्वांसारख्या शिष्यांना त्यांनी घडविले, आणि तरीही त्यांच्या स्वतःच्या आवाजाची एकही तबकडी निघाली नाही. यंत्र गावात असणे आणि आवाज त्यात उतरणे यांच्यामध्ये केवढे अंतर असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

नाशिक हे नाटक कंपन्यांच्या मुक्कामाचे गाव. विजयानंद नाटकगृहात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री कलेक्टर जॅक्सन याच्या निरोपादाखल किर्लोस्कर मंडळीच्या ‘शारदा’चा प्रयोग लागलेला होता, आणि त्याच रात्री त्याच नाटकगृहात अनंत कान्हेरे या तरुणाने जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ही हकिकत राजकीय इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. तिच्यातला ‘शारदा’चा उल्लेख मात्र वाचकाच्या नजरेतून निसटून जातो. ज्या गावात जिल्ह्याच्या सर्वोच्च अंमलदाराचा निरोपसमारंभसुद्धा संगीत नाटकावाचून साजरा होत नव्हता, त्या गावात नाट्यपदांच्या तबकड्यांना गिऱ्हाईक का मिळाले, हे मग निराळे सांगावयास नको. नाटक कंपनी मुक्काम हलवून पुढच्या गावी गेली की तिची पदे मागे राहत ती तबकड्यांच्या रूपाने. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटेच मिळत. रंगभूमीवर दहा-दहा वेळा ‘वन्समोअर’ घेणारे पद तेवढ्यात बसविताना आलापांना कात्री लागे. पण बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांचे जे आवाज आज आपल्यापाशी आहेत, ते त्या कात्रीने ठेवले तेवढेच आहेत.

इथे एका गोष्टीकडे मला मुद्दाम लक्ष वेधावयाचे आहे. ग्रामोफोन कंपनी ही परकी, तिचा उद्देश निव्वळ नफ्याचा. पण तबकडी विकावयाची तर गिऱ्हाइकाच्या भाषेत बोलले पाहिजे, एवढे तिला पहिल्या दिवसापासून कळले होते. म्हणून तिच्या आणि ओडियन, कोलंबिया, यंग इंडिया प्रभृती प्रतिस्पर्ध्यांच्या सूचिपत्रांत मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ, कानडी अशी रीतसर प्रकरणे पडली. नाट्यपदामागून कीर्तन आले, लावणी आली, आणि १९३० नंतरच्या वर्षांत जे. एल. रानडे व नागपूरचे वकील गोविंदराव जोशी यांच्या कंठातून मराठी भावगीत आले. हे गोविंदराव पुढे त्याच कंपनीत अधिकारी झाले आणि कित्येक नामवंत गवयांना त्यांनी स्वतः ध्वनिमुद्रणास बसते केले. नाशिकच्या मेन रोडवरच्या गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेतले गाणे मिळावे असा कोणताही सरकारी हुकूम नव्हता. तरी ते त्याला मिळाले. सरकारच्या हाती आलेल्या दूरदर्शनला तेच करावयास किती काळ लागला, ते पुढे येईलच.

पंचवटीतल्या त्या आश्रमात एक लहान मुलगा वाढत होता. विष्णु दिगंबरांचे चिरंजीव दत्तात्रेय, पुढे सर्वांचे बापूराव. वडील १९३१ च्या ऑगस्टात मिरजेस वारले तेव्हा हा मुलगा अवघ्या दहा वर्षांचा होता. ज्या वयात गुरूपाशी बसून खरी तालीम सुरू व्हावयाची, त्या वयात गुरू आणि पिता दोन्ही गेले. पण वडिलांनी जो शिष्यसंप्रदाय उभा केला होता त्याने हे देणे फेडले. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी त्याला शिकविले, चौदाव्या वर्षी जालंदरच्या हरिवल्लभ संमेलनात तो गायिला, आणि १९४४ साली त्याची पहिली तबकडी निघाली.

बापूरावांच्या त्या तबकड्यांविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे, कारण तीन मिनिटांची ती मर्यादा, जिच्यापुढे भलेभले गवई कासावीस झाले, ती या गायकाने जणू आपल्या स्वभावाचीच मर्यादा मानली. श्री, बिभास, गौडसारंग अशा रागांची ओळख तो पहिल्या दोन-तीन स्वरावलींतच पक्की करून देतो. बंदिशीचे अक्षर कुठे दुमडत नाही. तान येते ती मोजकी, दाणेदार, आणि येऊन गेल्यावर बंदिशीचा मुखडा नेमका जिथे पाहिजे तिथे सापडतो. घाई कुठेही नाही. तबकडी संपली की गाणे संपते, तुटत नाही. तुलसीदासांची आणि मीराबाईंची भजने त्यांनी गायिली त्यांत तर वडिलांच्या आश्रमाची हवा जशीच्या तशी उतरली आहे. नाटकी गहिवर नाही, शब्दांची ओढाताण नाही, फक्त स्वच्छ सूर आणि त्याच्यामागे लहानपणी रोज ऐकलेल्या रामनामाची सवय. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटातल्या जुगलबंदीत उस्ताद अमीर खाँ यांच्या जोडीस त्यांचा आवाज सर्व देशाने ऐकला. १९५५ मध्ये भारतीय कलावंतांच्या मंडळाबरोबर ते चीनला जाऊन आले, आणि त्याच वर्षी, ऑक्टोबरात, मेंदूच्या तापाने, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. दिल्लीत दूरदर्शनचे पहिले प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी व्हावयाचे होते. आपल्या वाट्यास उरले ते लाखेवरचे आणि आकाशवाणीच्या फितींवरचे बापूराव.

त्यांची अशी एक तबकडी मी दहीपुलाच्या बाजूच्या एका जुन्या वाड्यात हातात घेऊन पाहिली आहे. घरधन्यांनी लाकडी खोक्यात तबकड्या उभ्या लावून ठेवल्या होत्या, कारण आडव्या रचल्या की खालच्या तबकडीवर भार येऊन तिला बाक येतो. प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यावर घरातल्या कोणी पूर्वजाने लाल शाईने क्रमांक घातलेला, आणि त्या क्रमांकांची एक वही निराळी. पाकिटावर दुकानदाराचा जांभळा शिक्का होता, तो पुसट झालेला. त्यांनी तबकडी दोन्ही तळव्यांच्या कडांनी उचलली, खोबणींना बोट लागू दिले नाही, ओलसर मऊ फडक्याने खोबणींच्या दिशेने गोल पुसली आणि मला आवर्जून बजावले की हिला स्पिरिट कधी लावू नये. प्लॅस्टिकच्या तबकडीचे त्याने एक वेळ काही बिघडत नाही, पण लाख स्पिरिटात विरघळते आणि आवाज त्या फडक्याबरोबर निघून येतो. मग चावी दिली, साउंडबॉक्समध्ये नवी सुई बसविली, कारण पोलादी सुई एका बाजूला एकच, आणि वापरलेली सुई एका चपट्या डबीत टाकली. खरखर झाली; तिच्या पाठीमागून तंबोरा आला; आणि त्या वाड्याच्या माजघरात बापूराव गाऊ लागले. नाशिकचा पावसाळा या तबकड्यांना फार जाचक, पाकिटांना बुरशी धरते. म्हणून दर दसऱ्याला सगळ्या तबकड्या उन्हाच्या तिरिपेपासून दूर, वाऱ्यावर काढावयाच्या, हा त्या घराचा कुलधर्मच होऊन बसला होता.

लाखेची ही तबकडी ठिसूळ; हातातून पडली की संपली. अमेरिकेत कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटाला तेहतीस पूर्णांक एक-तृतीयांश फेऱ्यांची व्हिनिलची दीर्घ मुद्रिका काढली, तिचे युग आपल्याकडे १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले, आणि एका बाजूस तीन मिनिटांच्या जागी वीस-बावीस मिनिटे मिळू लागली. तरी लाखेची तबकडी आपल्या देशात पाश्चात्त्यांच्या मानाने पुष्कळ रेंगाळली, अगदी १९७० च्या सुमारापर्यंत. खेडोपाडी वीज नव्हती आणि चावीच्या यंत्राला विजेची गरज नव्हती, हे त्याचे साधे कारण. बापूरावांच्या ज्या दीर्घ मुद्रिका आज संग्राहक शोधत फिरतात, त्या अर्थातच सगळ्या त्यांच्या मृत्यूनंतर निघाल्या.

व्हिनिलच्या काळात नाशिकने देशाला गायक दिला नाही तरी शब्द दिले. हं. प्रा. ठा. महाविद्यालयातले प्राध्यापक वसंत कानेटकर आणि त्याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी वि. वा. शिरवाडकर, दोघेही नाशिककर, दोघांनीही संगीत नाटक जवळजवळ मावळले असे लोक म्हणत असताना त्याला पुन्हा उभे केले. कानेटकरांचे ‘मत्स्यगंधा’ १९६४ मध्ये आणि शिरवाडकरांचे ‘ययाति आणि देवयानी’ १९६६ मध्ये रंगभूमीवर आले; दोन्ही गोवा हिंदु असोसिएशनची, दोहोंचे संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे, आणि पदे दोन्ही नाटककारांनी स्वतःच लिहिलेली. रामदास कामत आणि आशालता यांच्या आवाजातली ‘मत्स्यगंधा’ची पदे ज्या तबकड्यांवरून मुंबईपासून पणजीपर्यंत वाजली, त्यांचे अक्षर गोदाकाठी उमटलेले होते, ही गोष्ट नाशिककरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

आणि मग ध्वनिफितींचा काळ आला. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटीने तबकडीला घराबाहेर काढले. ग्रामोफोन माळ्यावर गेला, माळ्यावरून भंगारात गेला, आणि तबकड्यांचे ढीग मुंबईच्या चोरबाजारात तसे इथल्या गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातही गोणपाटावर येऊन पडले. त्या गोणपाटाशी उकिडवे बसून एकेक पाकीट उलटून पाहणाऱ्या माणसांना त्या काळी लोकांनी नादिष्ट म्हटले. ती नादिष्ट माणसे एकत्र आली आणि १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था निघाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तिचे कार्यवाहपण वर्षानुवर्षे सांभाळले, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे तिचे नियतकालिक चालविले, आणि कोणत्या गायकाची कोणती तबकडी कोणत्या क्रमांकाने निघाली याच्या याद्या तयार करण्याचे काम, जे मुळात कंपनीच्या दप्तरातून आयते मिळावयास हवे होते, ते हौशी माणसांनी घरोघरच्या खोक्यांतून वेचून पुरे केले.

आता चित्राकडे वळतो.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, गांधी जयंतीस, सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकाने ते पुण्यास पोहोचले. बातम्या देणाऱ्यांत भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील यांच्यासारख्या तरुणी होत्या. विनायक चासकरांचा ‘गजरा’, सुहासिनी मुळगावकरांची ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, मुलांसाठी ‘किलबिल’, शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोश्यांच्या मानसपुत्रांना दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांच्या रूपाने सदेह उभे करणारी ‘चिमणराव’ मालिका. मराठी माणसाचे चित्र आणि मराठी माणसाचा आवाज प्रथमच एकत्र, घरबसल्या. मुंबई-पुण्याच्या त्या पिढीला या कार्यक्रमांची नावे घेतली की आजही डोळ्यांपुढे संध्याकाळ उभी राहते.

नाशिक मात्र या सुखास दीर्घकाळ पारखे राहिले. दूरदर्शनच्या लहरी सरळ रेषेत जातात. आकाशवाणीच्या मध्यम लहरींसारख्या त्या जमिनीला बिलगून डोंगर ओलांडीत नाहीत. आणि मुंबई व नाशिक यांच्यामध्ये कसारा घाट व त्याच्या दोन्ही अंगांची सह्याद्रीची भिंत उभी आहे. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेले मराठी चित्र त्या भिंतीच्या पश्चिमेसच अडले. ज्या द्राक्षांच्या आणि कांद्यांच्या मुलखाला ‘आमची माती’मधला सल्ला सर्वांत उपयोगी पडावयाचा, तो मुलूख भिंतीच्या या बाजूस राहिला. १९७५-७६ मध्ये अमेरिकन उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरदर्शनचा जो महाप्रयोग झाला, त्या सहांतही महाराष्ट्र नव्हता.

भिंत ओलांडली ती उपग्रहाने, पण ओलांडताना भाषा बदलली. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, रंगही तेव्हाच आले; ३० ऑगस्ट १९८३ रोजी इन्सॅट-१ बी अंतराळात गेला; आणि १९८४ मध्ये तर देशभर सरासरी रोज एक प्रक्षेपक उभारण्याचा सपाटा सुरू झाला. जिल्ह्याच्या गावांना मिळाले ते बहुधा शंभर वॅटचे लघुशक्ती प्रक्षेपक, पंधरा-वीस किलोमीटरच्या परिघात दिसेल एवढ्या ताकदीचे, आणि त्यांना स्वतःचा स्टुडिओ नव्हता. उपग्रहावरून दिल्लीचे जे येईल ते तसेच पुढे फेकणे एवढेच त्यांचे काम. परिणामी राज्याच्या राजधानीत मराठी कार्यक्रम बनत होता, पण जिल्ह्याच्या गावी पडद्यावर दिसत होती दिल्ली. ७ जुलै १९८४ पासून ‘हम लोग’ आणि १९८७ च्या जानेवारीपासून ‘रामायण’ आपल्या लोकांनी मनापासून पाहिले, आणि त्या मालिकांविषयी माझ्या मनात आकस नाही. पण पंचवटीच्या, सीतागुंफेच्या गावाला रामकथेचे चित्र प्रथम परभाषेत दिसावे, ही व्यवस्थेची चूक होती असे मला निःसंशय वाटते. हे वाटणे माझे एकट्याचे नाही. डॉ. पी. सी. जोशी यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनेच नेमलेल्या कार्यगटाने आपल्या अहवालात प्रक्षेपकांची संख्या वाढविण्याच्या घाईत प्रादेशिक भाषांतल्या कार्यक्रमनिर्मितीची आबाळ होत असल्याचे बजावले होते. अहवाल दप्तरी दाखल झाला. ग्रामोफोन कंपनीच्या परदेशी व्यापाऱ्याला जे पहिल्या दिवशी उमगले, ते स्वदेशी सरकारच्या पचनी पडण्यास वर्षे लागली. दशकाच्या उत्तरार्धात मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम उपग्रहामार्गे राज्यातल्या इतर प्रक्षेपकांना मिळू लागले. १५ ऑगस्ट १९९४ रोजी मराठीची स्वतंत्र उपग्रह वाहिनी निघाली, तीच पुढे सह्याद्री वाहिनी झाली. आणि १९९९ मध्ये खासगी मराठी वाहिनी आल्यावर या प्रश्नाचे स्वरूपच पालटले.

तथापि मला खरी खंत आहे ती उशिराची नाही. जे झाले त्याचे काय राहिले, याची आहे.

त्या काळी चित्रफीत परदेशातून येई, तिला परकीय चलन लागे, आणि केंद्राच्या वाट्याला मोजक्याच फिती येत. म्हणून कार्यक्रम एकदा दाखविला, फार तर दुसऱ्यांदा दाखविला, की तीच फीत पुसून तिच्यावर पुढचा कार्यक्रम घ्यावा, असा शिरस्ता पडला. यात कोणाही एका अधिकाऱ्याचा दोष काढणे अन्यायाचे होईल. अंदाजपत्रकात जेवढी फीत मंजूर, तेवढीत त्यांना संध्याकाळ भरून काढावयाची होती. पण त्या काटकसरीत ‘चिमणराव’चे बहुतेक भाग गेले, ‘गजरा’चे कितीएक प्रयोग गेले, आणि आपल्या शेवटच्या वर्षांत त्या स्टुडिओत येऊन गाऊन-बोलून गेलेल्या कितीतरी वृद्ध कलावंतांची चित्रे गेली. पुढे प्रसार भारतीने उरलेल्या फितींवरचा ऐवज संगणकीय स्वरूपात उतरवून बराचसा लोकांपुढे आणला, त्याबद्दल कृतज्ञच राहिले पाहिजे. पण पुसलेल्या फितीवरून काहीही उतरविता येत नाही.

फाळक्यांच्या मूकपटांची कथा याहून निराळी नाही. सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट त्यांच्या नावावर मोडतात. ज्वालाग्राही सेल्युलॉइडवरचे ते बहुतेक नाहीसे झाले, आणि जे थोडे उरले, ‘कालिया मर्दन’ आणि ‘राजा हरिश्चंद्र’चे तुकडे, ते १९६४ मध्ये पुण्यास निघालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांचे उंबरे झिजवून मिळविले. म्हणजे तेही कचेरीत सापडले नाहीत, घरात सापडले.

तबकडी टिकली याचे कारण तिच्या लाखेत नाही, ती तर पडली की फुटणारी. एका ध्वनिमुद्रणाच्या शेकडो प्रती निघाल्या आणि त्या शेकडो घरांत विखुरल्या. वाड्याला आग लागो, कंपनीचे दप्तर गहाळ होवो, कुठल्या तरी गावी कुठल्या तरी खोक्यात एक प्रत शिल्लक राहतेच. दूरदर्शनचा कार्यक्रम लाखो घरांत दिसला, पण प्रत एकच, ती सरकारजमा, आणि तिच्यावर उद्याच्या कार्यक्रमाचा हक्क आज बसलेला. संग्राहक ज्या निष्ठेने गोणपाटावरच्या तबकड्या चाळतो त्या निष्ठेला मी म्हणूनच छंद म्हणावयास तयार नाही; १८४० मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय नाशिकात जुनी पुस्तके राखते, त्याच तोलाचे हे काम आहे, फक्त त्याला इमारत नाही आणि अनुदान नाही.

या कामाचा एक भाग अद्याप करता येण्याजोगा आहे आणि त्याची मुदत संपत चालली आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून पुढची दहा-पंधरा वर्षे ज्यांच्या घरी व्हिडिओ यंत्र होते, अशा कुटुंबांनी लग्न-मुंजींच्या जोडीला दूरदर्शनवरचे मराठी कार्यक्रमही आपल्या व्हीएचएस फितींवर उतरवून ठेवलेले आहेत. नाटके, संगीताच्या मैफली, शिरवाडकर-कानेटकरांच्या मुलाखती, दिवाळीचे विशेष कार्यक्रम. पडद्यावर चालू असताना घेतलेली ती प्रत अंधूक असेल, मधूनच सुरू झालेली असेल, पण केंद्रातली फीत पुसली गेली असल्यास मूळ म्हणून तीच धरावी लागेल. अशा फितीवरचा चुंबकीय लेप काळाने सुटतो, नाशिकच्या पावसाळ्यात तिला पांढरी बुरशी धरते, आणि ती चालविणारी नवी यंत्रे बनणे २०१६ सालीच जगात बंद झाले आहे. जुनी यंत्रे दुरुस्त करावयाची तर सुटे भाग दुसऱ्या जुन्या यंत्रातूनच काढावे लागतात. ज्यांच्या कपाटात अशी फीत असेल त्यांनी ती यंत्रात घालून पाहण्याची घाई करू नये, बुरशी असल्यास ती यंत्राच्या डोक्यास लागून फीतही जाते आणि यंत्रही जाते. आधी डबीवर कार्यक्रमाचे नाव आणि आठवत असेल ते साल पेन्सिलीने लिहावे, फीत उभी ठेवावी, आणि हे काम जाणणाऱ्या माणसाकडून एकदा ती संगणकावर उतरवून घेऊन तिची एक प्रत दुसऱ्या कोणाच्या तरी घरी ठेवावी.